जळक्या ऑईलवरचं इंजिन

त्या प्रकरणाची केस डायरी मी रीतसर जमा केली, खटल्याचा निकालही लागून गेला. पण त्यातली माणसं काही मला सोडून गेली नाहीत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक म्हणून नव्यानेच रुजू झाले होते. नावं कोणाचीच देणार नाही. त्यातले काही जण अजून त्याच भागात राहतात.

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, आणि कमी बोलणारी. ठाण्यात हे दोन्ही दोष समजले जात. पंचनामा लिहिताना 'सदर' आणि 'नमूद' हे शब्द माझ्या हातून सुटायचे. माझ्याबरोबरचे हवालदार पंचवीस वर्षं नोकरी झालेले. ते कागदावर वाकून म्हणायचे, "मॅडम, सदर राहिला. सदर नसला की कोर्टाला पंचनामा अळणी लागतो."

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळची हजेरी संपत असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला, बाईचा आवाज होता. "शेणव्याच्या पुढं रेलगाडीवालं रिसॉर्ट हाय ना, तिथं काल माणूस भाजलाय. तुमाला कोणी सांगितलं नाय. आता इंजिन धुवायला काढलंय." नाव विचारल्याबरोबर फोन ठेवला गेला. ती बाई तिथल्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करायला होती, हे मला पुढे कळलं. तिचं नाव मी डायरीत लिहिलं नाही.

ते रिसॉर्ट आम्हाला माहीत होतं. मालकाने एका साखर कारखान्याच्या भंगारातून वाफेचं छोटं इंजिन विकत आणलं होतं आणि आपल्या आमराईभोवती किलोमीटरभर रूळ टाकले होते. मागे दोन उघडे डबे. रविवारी मुंबईची कुटुंबं पोरांना घेऊन यायची. सुरुवातीला इंजिन कोळशावर चालायचं, पण उन्हाळ्यात ठिणग्या उडून सुकं गवत पेटायला लागलं. तेव्हा मालकाने ठेवलेल्या रेल्वेच्या निवृत्त ड्रायव्हरने ते जळक्या ऑईलवर आणलं. ट्रक-टेम्पोच्या इंजिनातून गॅरेजवाले जे काळं, वापरून झालेलं ऑईल काढून टाकतात, ते. पिंपं आणायची, जाळीतून गाळून इंजिनाच्या टाकीत ओतायची. टाकीतून ते नळीने खाली यायचं आणि वाफेच्या फवाऱ्याबरोबर भट्टीत जळायचं.

आम्ही पोचलो तेव्हा दोन माणसं पाइप लावून इंजिन धूत होती. बाजूच्या बाकावर तो ड्रायव्हर बसला होता. पासष्टीच्या पुढचा, काटक माणूस, राहणारा आटगावचा. सगळे त्याला बाबा म्हणत. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. मला पाहताच तो उभा राहिला.

"मॅडम, गुन्हा माझा आहे. लिहून घ्या."

मालक मागून धावत आले. "बाबा, तुम्ही बसा हो. मॅडम, काही नाही, जरा वाफ लागली एकाला. इंजिन म्हटल्यावर एवढं तेवढं चालायचंच."

"एवढं तेवढं असेल तर धुताय कशाला?" हवालदार म्हणाले आणि त्यांनी जाऊन पाण्याचा नळ बंद केला.

भाजलेला माणूस फायरमन होता. जवळच्या पाड्यावरचा, पस्तिशीचा, बायको आणि दोन मुली असलेला. त्याला ठाणे शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. चेहरा, छाती आणि उजवा हात भाजला होता. मी दवाखान्यात फोन लावला. जबाब घेण्याच्या अवस्थेत पेशंट नाही, आठवडाभर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांनी जे सांगितलं ते असं. रविवारी दुपारी तिसऱ्या फेरीला भट्टीतली आग विझली. निदान विझलेली दिसली. त्यांनी फायरमनला सांगितलं, आत बघ रे. तो भट्टीच्या दाराशी वाकला आणि आतून धगीचा लोट बाहेर आला, त्याचे कपडे पेटले. बाबांनी आधी भट्टीकडे जाणाऱ्या ऑईलचा कॉक बंद केला, मग त्याला ओढलं.

"आधी कॉक?" मी विचारलं.

"आधी कॉक. मागे डब्यात पोरं होती." त्यांनी पट्ट्या बांधलेले तळवे वर केले. "पण तेवढा वेळ तो जळत होता, मॅडम. हे पण लिहा."

पंचनामा करायला घेतला. टाकीतल्या ऑईलचा नमुना घ्यायचा होता. बाबांनी मला ऑईल तपासायची त्यांची रीत दाखवली. टाकीच्या अगदी तळाला एक कॉक होता. ऑईल भट्टीकडे नेणारी नळी त्याच्या वीतभर वर, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ भट्टीत जाऊ नये. रोज सकाळी तळाचा कॉक उघडायचा. आधी पाणी येतं, कारण पाणी जड. निव्वळ काळं यायला लागलं की बंद करायचा. मग काठीला चिंधी गुंडाळून त्यात बुडवायची आणि पेटवायची. "तडतडली तर अजून पाणी आहे. गुमान जळली तर माल चांगला. चाळीस वर्षं आगीसमोर काढलीत, मॅडम. तेलाची लबाडी तळाशी असते."

त्यांच्या सांगण्यावरून मी तळाच्या कॉकमधून बाटली भरून घेतली. निव्वळ काळं आलं. हवालदारांनी टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली, तर आतही काळंच दिसलं; इंजिन पुसायला वापरलेल्या रॉकेलच्या वासात दुसरा वास कळत नव्हता. चिंधी पेटवली, ती गुमान जळली. पंचांच्या सह्या घेतल्या, टाकीचं झाकण आणि दोन्ही कॉक लाखेने सील केले. 'सदर ऑईलमध्ये भेसळ दिसून आली नाही', असं मी माझ्या हाताने लिहिलं. सदर विसरले नाही म्हणून हवालदार खूश झाले.

वरिष्ठ निरीक्षकांचं म्हणणं सरळ होतं. "आरोपी स्वतः कबूल करतोय. हयगयीने इजा केल्याचं कलम लावा, अटक दाखवा, जामिनावर सोडा. माणूस गेला तर तीनशे चार अ वाढवू. तुम्हाला यात काय शोधायचंय?"

 मला एक गोष्ट खटकत होती. ठाण्यात येणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो, मग खरं बोलतो. हा माणूस मी प्रश्न विचारायच्या आधीच स्वतःला अडकवत होता. गुन्हा जामीनपात्र होता. मुलगा जामीनदार घेऊन आला, तर बाबांनी सही करायला नकार दिला.

"बाबा, असं काय करता," मुलगा रडकुंडीला आला.

"तो तिकडं दवाखान्यात पडलाय. मी घरी जाऊन जेवू?"

हवालदारांनी समजावून पाहिलं. "कोठडीत ढेकूण आहेत, बाबा. आमच्यापेक्षा सीनियर."

"असू द्या."

ते कोठडीत भिंतीला पाठ लावून बसले. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यांना पाण्याचा ग्लासही धरता येत नव्हता. पहाऱ्यावरचा शिपाई तोंडाला लावायचा. मी वरिष्ठांकडे दोन दिवस मागितले. त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

मंगळवारी कोर्टापुढे नेलं, तिथेही त्यांनी जामीन नाकारला आणि कोठडी वाढली. परत आल्यावर मी त्यांना पुन्हा विचारलं. तेल संपत आलं होतं का? हो, नळीच्या तोंडापर्यंत उतरलं होतं, फेरी संपवून भरणार होतो. पिंपं कुठून येतात? माळशेजच्या रस्त्याला एक ऑईलवाला आहे, वर्षभर तोच देतो. या वेळी काही वेगळं वाटलं? नाही. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा नाही. मग आग विझली कशी? या प्रश्नावर ते चिडले. "ते मला कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. म्हणून तर म्हणतोय, गुन्हा माझा."

फायरमनची बायको दवाखान्यातून त्याच संध्याकाळी पाड्यावर परत येणार होती, मुलींकडे बघायला. बुधवारी सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो. पोलिसांची जीप पाहून पाडा रिकामा झाला. कुडाच्या घरासमोर ती एकटी बसली होती. हवालदारांनी विचारलं, नवऱ्याचं आणि बाबांचं भांडण होतं का, नवरा प्यायचा का. ती नाय, नाय एवढंच म्हणत राहिली. मी हवालदारांना जीपपाशी जायला सांगितलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. खरं सांगायचं तर पुढे काय विचारावं हे मला सुचलं नाही. म्हणून गप्प बसले.  एक मुलगी येऊन माझ्या टोपीकडे बघून गेली.

मी घराच्या खांबांकडे पाहत होते. चारपैकी तीन खांब खालपासून हातभर काळेकुळकुळीत होते, चौथा कोरा.

"हा एक राहिला का?" मी विचारलं.

ती एकदम ताठ झाली. "त्यानं चोरी नाय केली, बाय."

"मी चोरी म्हटलं नाही."

"पावसाच्या आधी समदेच लावतात जळका ऑईल. वाळवी लागत नाय. बाबाला ठावं हाय. टाकीचं झाकण उघडून डबाभर आणतो तो दरसाल. बाबा बघून न बघितल्यासारखा करतो."

"मग चौथ्याला का नाही लावलं?"

"तीन खांब मागल्या सालचे, गो. आवंदा हाच पयला घेतला. लागलाच नाय. पाण्यावानी वघळून गेला, नि लगीच सुकला. वास तं असा, माज्या डोक्यात कळ आली. मी बोलले त्याला, ह्यो काय आणलास? तो बोलला, ऱ्हाव दे, सोमवारी बाबाला विचारतो." तिने पदर तोंडाशी धरला. "सोमवारी मी दवाखान्यात होते."

"तो डबा आहे?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून आत गेली आणि कोपऱ्यात, कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलेला पत्र्याचा डबा घेऊन आली. पोलीस डबा बघून नवऱ्यावर चोरी घालतील म्हणून तिने तो लपवला होता. झाकण उघडलं आणि मी मान मागे घेतली. जळक्या ऑईलला वंगणाचा, करपट वास असतो. हा वास दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा होता, पण त्याहून कडक. डबा तिरका केला तर रंग काळपट, आणि आत हलत होतं ते पाण्यासारखं.

हवालदार धावत आले आणि त्यांनी वास घेतला. डबा टाकीच्या झाकणातून भरल्याचं मी सांगितलं. तसे ते हळूच म्हणाले, "मॅडम, हा डबा वरून भरलेला. आपण बाटली भरली खालून."

म्हणजे जे जड होतं ते सगळ्यांनी तपासलं होतं. जे हलकं होतं, तेलावर तरंगत होतं, ते कोणीच तपासलं नव्हतं. बाबांनी नाही, आणि मीही नाही. टाकी भरलेली असताना नळीत खालचं तेल जायचं. तेल उतरत उतरत नळीच्या तोंडाशी आलं, तेव्हा वरचा थर भट्टीत गेला.

डबा पंचांसमोर जप्त केला. किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडकडे निघालो. दुसऱ्या ठाण्याची हद्द होती, म्हणून तिथे वर्दी देऊन त्यांचा एक शिपाई बरोबर घेतला. ऑईलवाल्याचा अड्डा वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यालगतच होता. पत्र्याची शेड, चाळीसेक पिंपं, एक टेम्पो. माणूस गोरा, जाडा, बोलका. त्याने आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या, फडक्याने पुसल्या.

"मॅडम, आपला माल एक नंबर. कुठलंही पिंप घ्या, खालून तपासा. पाण्याचा थेंब निघाला तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन."

"आमच्या टेबलावर जागा नाही," हवालदार म्हणाले.

तो मोठ्याने हसला. खिशातून बिडी काढली, कानामागे अडकवली, काडेपेटी शोधू लागला. मी जीपमधून डबा मागवला होता. शिपायाने तो आणून माझ्या खुर्चीजवळ खाली ठेवला आणि लाखेची मोहोर बघण्यासाठी मी वाकले. झाकण नीट बसलं नव्हतं. वास बाहेर येत होता. ऑईलवाल्याला काडेपेटी सापडली होती. काडी हातात होती. त्याने नाक फेंदारलं, डब्याकडे पाहिलं, आणि काडी परत पेटीत ठेवली. बिडीही कानामागून काढून खिशात घातली. मग खुर्ची दोन हात मागे सरकवली.

मी हे सगळं पाहत होते. बिडी पेटवली असती, तर आज हे लिहायला मी नसतेही. पुढच्या नोकरीत असा डबा मी कधी खुर्चीजवळ ठेवू दिला नाही. पण त्या वेळी मी एवढंच विचारलं, "काळ्या ऑईलशेजारी बसून तुम्ही रोज बिडी ओढता. आजच का नाही?"

"नको, उगाच लेडीजसमोर."

"मगाशी काढलीत तेव्हाही मी लेडीजच होते."

 हवालदारांनी उठून टेम्पोची किल्ली काढून घेतली. मग मी त्याला भाजलेल्या माणसाबद्दल सांगितलं. कुठे भाजलंय, किती, दोन मुली आहेत, सगळं. आवाज न चढवता. ऐकताना तो आपल्या तळव्यांकडे बघत होता.

"मेलाय का?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

तेव्हा त्याने सांगितलं. एका कारखान्यातला माणूस त्याला वापरून झालेल्या सॉल्व्हंटची पिंपं द्यायचा, लांब कुठे तरी ओतून ये म्हणून. सॉल्व्हंट म्हणजे औषधं-रंग बनवताना लागणारं, स्पिरिटसारखं पेटणारं द्रव. "घाटात फेकलं असतं तर ओढ्यात गेलं असतं, मॅडम. गुरं मेली असती. मी ते थोडं थोडं ऑईलच्या पिंपात वर घालायचो. ते त्यात मिसळत नाही, वर राहतं. गिऱ्हाईक खालून बघतं, त्याला ऑईलच दिसतं. आणि शेवटी जाळायचंच होतं ना सगळं? धूर होऊन गेलं असतं. मला काय माहीत असं होईल."

"माहीत नव्हतं, मग बिडी का ठेवलीत?" हवालदारांनी विचारलं. त्याचा हात खिशावर गेला.

गुरुवारी पंचांसमोर टाकीचं सील तोडलं. बाबांना कोठडीतून काढून बरोबर नेलं होतं. या वेळी मी झाकणातून लांब नळी सोडून वरच्या थराचा नमुना घेतला. बाटल्या प्रयोगशाळेसाठी सील केल्यावर चमचाभर द्रव आमराईबाहेर मोकळ्या जागी, दगडावर ओतलं. हवालदारांनी लांब काठीने पेटवलं आणि म्हणाले, "लागलं नाही." भर उन्हात तिथे काहीच दिसत नव्हतं. मी आंब्याचं एक सुकं पान काठीला खोचून दगडावर धरलं. पान मुडपलं, काळं पडलं आणि पेटलं. दगडावर आग होती. ती फक्त दिसत नव्हती.

बाबा खाली बसले.

"म्हणजे विझली नव्हती," ते म्हणाले. "मी त्याला विझली म्हणून आत बघायला लावलं."

"तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं, बाबा."

"वरून एकदा बघायला काय झालं होतं मला? चाळीस वर्षं तळाला बघत बसलो."

मी म्हटलं, मीसुद्धा तळालाच पाहिलं. माझ्या सहीचा पंचनामा आहे. कोर्टात बचावाचा वकील तो मला वाचून दाखवणार होता, आणि पुढे त्याने तो दाखवलाही. पण बाबा माझं ऐकत नव्हते. त्यांना आरोपीतून वगळायचा अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. ऑईलवाला आणि कारखान्यातला तो माणूस अटक झाले. अपघात लपवल्याबद्दल मालकावरही गुन्हा नोंदला. बाबांना सोडलं. मुलगा न्यायला आला होता. त्याच्यामागून ते चालत गेले, सुटलेला माणूस चालतो तसे नाही.

बारा दिवसांनी दवाखान्यातून निरोप आला, पेशंट बोलू शकतो. मी जबाब घ्यायला गेले. उजव्या हाताची बोटं जुळून गेली होती, पण डोळे वाचले होते. तो तुटक बोलत होता, मी सावकाश लिहीत होते. डबा नेल्याचं त्याने आपण होऊन सांगितलं. मग मी विचारलं, जाळ आला तेव्हा काय झालं?

"काय दिसला नाय. नुसता भाजत होतो. कुठून येतोय तेच कळंना. मग कॉक फिरवल्याचा आवाज आला. तो आवाज मी वळखतो. तवा मला कळला, बाबा हाय. आता आपून मरत नाय."

मी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. सदर, नमूद, काही घातलं नाही. त्याचा डावा अंगठा घेतला.

परतताना मी आटगावला उतरले. साक्षीदाराचा जबाब दुसऱ्या साक्षीदाराला वाचून दाखवायचा नसतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नोकरीत मी नियम फार थोड्या वेळा मोडले. त्यातली ही एक वेळ. बाबा ओट्यावर बसले होते. दोन आठवड्यांत निम्मे झाले होते. सून म्हणाली, जेवत नाहीत, बोलत नाहीत. मी कागद काढला आणि फक्त कॉकच्या आवाजाचा भाग वाचला.

पुढे अनेक गुन्हे तपासले. कबुली लवकर मिळाली की वरिष्ठ खूश होत, आणि मी मनातून सावध होई. माणूस कशाची कबुली देतोय हे आधी पाहायचं, असं मी माझ्या हाताखालच्या पोरा-पोरींना सांगत आले. कायद्यात बसेल अशा चुकीची तो देतोय, की ज्याला कुठलंच कलम नाही अशा एखाद्या क्षणाची. बाबा कॉक फिरवायला लागलेल्या त्या दोन-तीन सेकंदांसाठी कोठडीत बसले होते. त्यातून त्यांना सोडवणं माझ्या अहवालाच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात होतं, तो दवाखान्यात होता.

वाचून झाल्यावर बाबा रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेवटचं परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी सुनेला हाक मारली आणि ताट वाढायला सांगितलं.